गाडी ऐकत नव्हती

ही गोष्ट मी आजवर मोठ्यानं उच्चारलेली नाही. एकटा असतानाही नाही. मोटारसायकलवर, हेल्मेटच्या आत, माणूस स्वतःशी काय वाटेल ते बोलू शकतो — वारा सगळं मागं टाकून देतो. तिथंही मी कधी बोललो नाही. ओठापर्यंत यायची आणि मी गिळायचो. आता लिहितोय, कारण लिहिताना आवाज होत नाही. आणि तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. ओळखीच्या माणसासमोर बसून सांगायची छाती असती, तर ज्या एका माणसाला सांगायला हवं तिला केव्हाच सांगितलं असतं. ती घरातच असते. तिला सोडून तुम्हाला आधी सांगतोय — हेसुद्धा त्याच जातीचं आहे, हे मला कळतंय.

कुठून सुरू करू? गाडीपासून करतो. गाडीचं बोलणं मला सोपं जातं.

मी लोहाऱ्याला राहतो. एका खाजगी तंत्रशिक्षण संस्थेत फिटरचा कोर्स करणाऱ्या मुलांना शिकवतो. लोक सर म्हणतात. करोनात संस्था बंद पडली आणि मला फोनवर व्हिडिओ बघायचा नाद लागला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं स्पोर्ट्स कार बनवताना दिसायची — बुटकी, दोघांपुरती, जमिनीला चिकटून पळणारी. बघता बघता डोक्यात बसलं, की आपल्याला का जमू नये? वेल्डिंग येतं. लेथ येतो. ग्राइंडर घरचा आहे. दारापुढं पत्र्याचं शेड आहे, त्यात फक्त कडबा आणि जुनी सायकल. आणखी काय लागतं?

उमरग्याच्या भंगारात एक जुनी छोटी चारचाकी मिळाली. मागून ठोकलेली, पण इंजिन धड होतं आणि पुढची चाकं-स्टेअरिंग शाबूत. ती टेम्पोत घालून दारात उतरवली तेव्हा आई म्हणाली, "हे मढं कशाला आणलंस घरी?" शेजारपाजारचे हसले. मीही हसलो. पण मनात म्हणालो, बघाल.

माझी बायको, महानंदा, हसली नाही. पहिले काही दिवस नुसती चहा आणून ठेवायची आणि जायची. मग एकदा गेली नाही. मी सांगाड्याचे चौकोनी पाईप वेल्डिंगचे टाके घालून जोडत होतो, एक टोक सारखं हलत होतं. तिनं चहाची कपबशी खाली ठेवली, पदर खोचला, पाईप दोन्ही हातांनी दाबून धरला आणि तोंड पलीकडं फिरवून म्हणाली, "हं, लावा टाका."

तिथून ती गाडी आमच्या दोघांची झाली.

महानंदाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती माकणीची, धरणाकाठची. लिंगायत शेतकऱ्याचं घर. भाऊ तिच्याहून पुष्कळ धाकटा, म्हणून अप्पांनी — माझ्या सासऱ्यांनी — तिला शाळेत असतानाच ट्रॅक्टरवर बसवलं. नांगरट करायची, रोटा मारून ढेकळं फोडायची, उसाची भरलेली ट्रॉली चिंचोळ्या बोळातून उलटी काढायची. ज्यांनी ट्रॉली उलटी घेतली आहे त्यांना माहीत आहे ते काय काम असतं. मला येत नाही. मी यंत्रं शिकवतो, पण भरली ट्रॉली मला उलटी घेता येत नाही. लग्नानंतर माकणीला गेलो की लोक गमतीनं म्हणायचे, "सर, तुमच्यापेक्षा आमची पोरगी बरी चालवती." मी हसून मान डोलवायचो. मला ते खुपत नाही असं दाखवायचो.

खुपायचं. कबूल करायचं तर हेही करतो.

पण ते गाडीचे दिवस फार चांगले होते. खोटं कशाला बोलू? संसारातले सगळ्यात चांगले दिवस तेच. इंजिन पुढून काढून सीटांच्या मागं बसवलं, ते चालू झालं तेव्हा शेडचा पत्रा थरथरायला लागला आणि आमची मुलगी कानांवर हात ठेवून नाचली. तुळजापूरला देखाव्यांसाठी फायबरच्या मूर्ती करणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून गाडीचं नाक आणि पाठ करून घेतली. महानंदाचे शिवणाचे क्लास होते — ती स्कूटीवरून आसपासच्या गावांत जायची, मुलींना ब्लाउज शिकवायची. तिनं रेक्झिनची सीटं शिवली, दुहेरी टीप घालून. रंगही तिनंच ठरवला. मी लाल म्हणत होतो. ती म्हणाली, लाल सगळेच करतात, तुरीच्या फुलाचा पिवळा द्या. दिला. तो रंग ओला असताना आम्ही तिघं शेडच्या दारात नुसते उभे राहून बघत होतो.

हे एवढं लांबवतोय, कारण पुढं जायचं नाही मला. कळतंय ना तुम्हाला?

जातो.

खंडेनवमी होती. हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा. गाडी त्या दिवशी पहिल्यांदा दाराबाहेर काढायची असं ठरवलं होतं. सगळ्यांना आमंत्रण दिलं — संस्थेतले सहकारी, आमचे प्राचार्य, गल्लीतले लोक. माकणीहून अप्पा आले. नवं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे. ठरलं असं, की पूजा झाली की मी गाडी चालवायची आणि अप्पांना शेजारी बसवून माकणीला सोडून यायचं. सासऱ्याला आपण बनवलेल्या गाडीतून घरी पोचवायचं — आणि माकणीच्या चौकात सगळ्यांदेखत उतरवायचं. माझ्या डोक्यात तो चौकच होता.

त्या सकाळी गाडी जरा डावीकडं ओढत होती. म्हणून मी पुढच्या चाकांची रेषा दोरी लावून पुन्हा बघितली आणि ती सुधारायला डावं चाक काढलं. डाव्या चाकाजवळ स्टेअरिंगचा रॉड असतो. स्टेअरिंग फिरवलं की हा रॉड चाकाला वळवतो. तो ज्या नटानं धरलेला असतो त्या नटाला खाचा असतात. नट पान्यानं आवळायचा, खाचेतून एक बारीक पिन आरपार घालायची आणि पिनेची टोकं वाकवायची. मग नट हलला तरी सुटत नाही. मी वर्गात पोरांना ओरडून सांगायचो — नट आवळला म्हणजे काम झालं नाही, पिन घातली म्हणजे झालं.

मी तो नट नुसता बोटांनी चढवून ठेवला होता. रेषा आणखी एकदा बघायची होती म्हणून. पिना फळीवरच्या डब्यात होत्या, हात लांब केला तर मिळाल्या असत्या. तेवढ्यात दारात प्राचार्यांची गाडी थांबली. मी हात पुसून उठलो. चाक लावून टाकलं. पूजेनंतर करू म्हटलं.

विसरलो — असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. माणूस विसरतो. पाहुणे आले, गडबड झाली, विसरलो. विसरलो असतो तर बरं झालं असतं. विसरण्याची कबुली द्यायला इतकी वर्षं लागत नाहीत.

मी विसरलो नव्हतो. म्हणजे — विसरलो होतो, आणि मग आठवलं. वेळेवर आठवलं.

पूजा झाली. मुलीनं झेंडूची माळ गाडीच्या नाकावर बांधली. चाकांखाली लिंबं ठेवली. मी स्टेअरिंगवर बसलो, अप्पा शेजारी बसले. दहा-बारा लोकांनी फोन वर धरले होते. प्राचार्यांनी विचारलं, "सर, सगळं तपासलंय ना?" आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साहेब, एकेक नट माझ्या हाताखालून गेलाय."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला तो नट दिसला. डाव्या चाकामागचा. बिनपिनेचा. बोटांनी चढवलेला.

आता काय करायचं होतं? सोपं होतं. उतरायचं, म्हणायचं — जरा थांबा, एक पिन राहिली. जॅक लावायचा, चाक काढायचं, पाना फिरवायचा. चहा गार व्हायच्या आत झालं असतं. लोक हसले असते थोडे. प्राचार्य म्हणाले असते, काय हो सर, एकेक नट ना? एवढंच. एवढंच झालं असतं.

मी उतरलो. पण जॅककडं गेलो नाही. मी महानंदाकडं वळलो आणि म्हणालो, "तू चालव. तुझ्या वडिलांना तूच घेऊन जा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे मी लिहिलं. आता परत वाचतोय आणि हात थांबतोय. मला खरंच वाटलं होतं का, की नट सुटेल? नाही. वाटलं होतं, सुटणार नाही, माकणी काय लांब नाही, येऊन पिन घालू. मग मी का उतरलो? काहीच होणार नव्हतं तर मीच का नाही नेली? याचं उत्तर माझ्याकडं आहे. तुम्हालाही ते दिसतंय.

तिनं विचारलं, "खरंच?" चेहरा असा फुलला होता, की लग्नाच्या दिवशीही मी तो तसा बघितला नव्हता. मी मान हलवली. ती बसली. अप्पांनी समोर बघत कन्नडात म्हटलं, "नडी, अव्वा." — चल, बाई. आणि ती निघाली.

मी मागं मोटारसायकलवर होतो. "हळू चालव," एवढं मात्र सांगितलं होतं. ती हळूच चालवत होती. रस्त्याच्या कडेला सोयाबीनचे ढीग लागले होते, मळणीची धूळ उडत होती, लोक काम थांबवून त्या पिवळ्या गाडीकडं बघत होते आणि ती प्रत्येक खड्डा ओळखून गाडी अलगद काढत होती. मी मागून बघत होतो आणि मनातून हलका होत होतो. बघ, काही झालं नाही. उगाच घाबरलास.

कालव्याच्या मोरीआधी एक वळण आहे. फार मोठं नाही. तिथं उजवं चाक वळलं. डावं वळलं नाही. मी मागून स्वच्छ बघितलं — एक चाक एकीकडं, एक दुसरीकडं. गाडी सरळ मोरीच्या कठड्यावर गेली. डाव्या बाजूनं. अप्पांच्या बाजूनं.

शेतातली माणसं धावत आली. अप्पा शुद्धीवर होते, पण पाय हलवता येत नव्हता. महानंदाच्या कपाळातून रक्त येत होतं आणि तिचे दोन्ही हात अजून स्टेअरिंगवर होते. सोडत नव्हती. ते कुणीतरी सोडवले. एका जीपमध्ये दोघांना घातलं. जीपमध्ये माझ्यापुरती जागा होती.

मी गेलो नाही. म्हणालो, गाडी रस्त्यातून बाजूला घेतो आणि मागून येतो.

तुम्ही काय केलं असतं? जाऊ द्या, असलं विचारायचा मला अधिकार नाही. मी काय केलं ते सांगतो. सगळे जीपभोवती असताना मी वळणाआधीच्या रस्त्यावर वाकून शोधत चालत गेलो. नट मिळाला. डांबरावर, धुळीत, आटे शाबूत — म्हणजे धडकेनं तुटला नव्हता, आधीच फिरून सुटला होता. तो खिशात घातला. थोड्या वेळानं आमच्या संस्थेतला एक सहकारी आला, तोही फिटरच. त्यानं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "सर, रॉड निखळलाय हो." मी म्हणालो, "धडकेनं निखळला. वळणावर ताबा सुटला." कुणाचा ताबा, ते सांगायची गरज नव्हती. त्यानं मान हलवली. तो गेल्यावर मी नट कालव्यात टाकला.

गाडीला कागदपत्रं नव्हती, रस्त्यावर आणायला परवानगी नव्हती. त्यामुळं पोलिसांपर्यंत कुणीच गेलं नाही. सगळ्यांनी आपसातच मिटवलं. माझ्या ते पथ्यावरच पडलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा महानंदा बाकावर बसली होती. कपाळाला टाके घातलेले. अप्पांना सोलापूरला न्यायची तयारी चालली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. मला बघितल्याबरोबर ती उठली आणि माझा दंड धरून म्हणाली — हे शब्द मी बदलणार नाही, जसेच्या तसे आहेत — "अहो, स्टेअरिंग एकदम रिकामं झालं. मी फिरवत होते. मी फिरवत होते आणि गाडी ऐकत नव्हती."

बघा. तिला सगळं माहीत होतं. तिच्या हातांनी तिला खरं सांगितलं होतं. ट्रॅक्टरवर वाढलेले हात, ते कसे चुकतील?

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फार मायेनं. आणि म्हणालो, "घाबरलीस तू. घाबरल्यावर तसं वाटतं."

"न्हाय हो, खरंच —"

"महानंदा, मी मागून बघत होतो ना. तू वळवलीच नाहीस."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी यंत्रं शिकवणारा माणूस. गाडी मी बनवलेली. मी मागून बघत होतो. ती हळूहळू खाली बसली.

तेवढ्यात आई आली. सुनेला टाके पडलेत, व्याही स्ट्रेचरवर आहेत, आणि आई म्हणाली, "बाईच्या हातात गाडी दिलीसच कशाला?" मी आईला गप्प केलं. "जाऊ दे आई. तिला काही बोलू नकोस. होतं असं." महानंदानं माझ्याकडं बघितलं, डोळे भरले होते. तिला वाटलं, मी तिची बाजू घेतली.

मी त्या एका वाक्यात तिच्यावर गुन्हा शाबीत केला आणि वरून मोठा झालो. पुढं कित्येकदा हे झालं. पाहुणे यायचे, कुणीतरी काहीतरी बोलायचं, मी हात वर करून म्हणायचो — तो विषय नको. लोक बाहेर जाऊन म्हणायचे, सर लई मोठ्या मनाचे. एवढं राबून बनवलेली गाडी बायकोनं एका दिवसात मोडली, पण शब्दानं बोलले न्हायत.

महानंदा पहिले काही महिने तेच सांगायची — स्टेअरिंग रिकामं झालं होतं. पण दर वेळी आवाज थोडा कमी व्हायचा. मग "रिकामं झाल्यासारखं वाटलं" म्हणायला लागली. मग "काय झालं कळलंच नाही." आणि एक दिवस शेजारणीला सांगताना मी ऐकलं — "मी घाबरले बघा. वळवलीच न्हाय." अगदी माझे शब्द. तिनं ते माझ्याकडून घेतले आणि आपले करून टाकले. एवढं ऐकूनही मी चहा पीत बसलो होतो.

स्कूटी तिनं भावाला देऊन टाकली. त्यामुळं गावोगावचे क्लास गेले. मुली लोहाऱ्याला येतील म्हणाल्या, दोन-चार आल्या, मग त्याही थांबल्या. आता ती घरीच शिवते. कुठं जायचं तर मी सोडतो, नाहीतर एसटी. माकणीला गेलो की अंगणातल्या ट्रॅक्टरला वळसा घालून घरात जाते. जिच्या हाताखाली तो ट्रॅक्टर चालायचा, ती त्याला टेकतसुद्धा नाही.

अप्पांचं सांगायचं राहिलं. ते सगळ्यात अवघड आहे.

ऑपरेशन झालं, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. वॉकर घेऊन घरापासून ओट्यापर्यंत. शेत बंद. आयुष्यभर पहाटे बांधावर उभा राहणारा माणूस ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, कुणाचं सोयाबीन निघालं, कुणाच्या हरभऱ्याला घाटे धरले. एकदा मी एकटाच गेलो होतो, फळं घेऊन. दुपारची वेळ होती, घरात बायका आत होत्या. अप्पांनी मला शेजारी बसवलं.

मग म्हणाले, "जावईबापू, एक इचारू का? राग यणार न्हाय न्हवं?"

"विचारा ना, अप्पा."

"ती चाक फिरवत होती. म्या बाजूला होतो, म्या बघितलं. पार इकडून तिकडं फिरवलं तिनं. अन् गाडी तशीच गेली. आसं कसं व्हतंय?"

बोलताना त्यांनी दोन्ही हात पुढं करून फिरवून दाखवले. म्हातारे हात, नखांत अजून काळी माती. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. ते खरंच विचारत होते. जावई यांत्रिकी शिकवतो, त्याला माहीत असणार, म्हणून विचारत होते. आणि त्यांना काय हवं होतं? पाय परत हवा होता का? नाही. त्यांना लेकीसाठी एक वाक्य हवं होतं. घरात जाऊन सांगता आलं असतं असं एक वाक्य.

मी म्हणालो, "अप्पा, त्या क्षणी माणसाला नीट दिसत नाही. सगळं एका झटक्यात होतं. भास होतो."

त्यांनी हात खाली घेतले. मांडीवर ठेवले. रस्त्याकडं बघत राहिले.

"व्हय का," म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तसंच आसंल मग. तुमी म्हणता म्हंजे."

त्यांना कळलं होतं का? मी हे पुष्कळदा स्वतःला विचारलंय. मला वाटतं, कळलं होतं. त्यांनी लेकीचा संसार बघितला आणि गप्प बसले. किंवा कळलं नव्हतं, आणि माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसले. यातलं कुठलं वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. लेक माहेरी आली की मात्र तिला सांगायचे, "तुझी चूक न्हाय, अव्वा." दर वेळी सांगायचे. आणि ती रडायची, कारण तिला वाटायचं बाप मायेपोटी म्हणतोय. खरं सांगणारा माणूस माया करतोय असं तिला वाटलं, आणि मी खोटं सांगत होतो, ते तिला खरं वाटलं.

अप्पा गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांना त्यांच्याच शेतात माती दिली. लोक पांगल्यावर महानंदा त्या ओल्या मातीजवळ बसली आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "माझ्यामुळं अप्पा ओट्यावर बसले. माझ्यामुळं." मी तिला उठवलं. खांद्याला धरून मोटारसायकलपर्यंत आणलं. ती चालताना माझ्यावर रेलली होती. सांगायला तिथं किती जागा होती. ती मोडलेली होती, मी एक वाक्य बोललो असतो तर तिच्यावरचं ते ओझं तिथंच उतरलं असतं — आणि माझ्यावर आलं असतं. म्हणून बोललो नाही.

आता मुलगी मोठी झाली. पुण्याला शिकते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, बाबा, मला गाडी शिकायची आहे. मी काही बोलायच्या आत महानंदा म्हणाली, "नको गं. आपल्या बायकांच्या हाताला ते जमत न्हाय. मी एकदा चालवून बघितलंय." ती हे चिडून म्हणाली नाही. भाजी निवडता निवडता, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाली. मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी फोनमध्ये बघितलं.

मुलगी आत गेली. महानंदानं निवडलेली भाजी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "एक सांगू? किती दिवसांपासून मनात आहे."

वाटलं, कळलं. आणि — हेही लिहितो — क्षणभर बरं वाटलं.

ती म्हणाली, "तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर मला जन्मभर बोलून खाल्लं असतं. तुम्ही एकदाही बोलला न्हायत. माझे अप्पा, तुमची गाडी, सगळं माझ्या हातून गेलं, आणि तुम्ही एकदाही बोलला न्हायत मला."

तिचे डोळे भरून आले होते. ती वाट बघत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

मी म्हणालो, "असू दे."